बुडवणारा वेगळा आणि बुडालेला वेगळा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की कोरोनात छोट्या धंदेवाल्यांना कर्जं मिळाली, ती लोकांनी खाऊन टाकली आणि आता वसुली कडक झाली की रडतात. दोन दिवस ते डोक्यातून जात नव्हतं म्हणून शेवटी लिहायला बसले. त्यांनी ठग आणि थकलेला माणूस एकाच ओळीत बसवलाय, आणि बँकेच्या रेकॉर्डमधेही नेमकं तेच होतं, त्रास तिथून सुरू होतो.

मी इंदूरला भंवरकुआंच्या बाजूला कोचिंगच्या मुलांसाठी डबे करते. मार्च २०२० ला माझ्याकडे ६२ डबे होते. २२ तारखेचा जनता कर्फ्यू, मग तीन दिवसांनी देशभर लॉकडाऊन, पण मुलं त्याच्या आधीच बॅगा भरून खरगोन, बडवानी, धारला निघून गेली होती, कितीतरी जणांबरोबर माझे स्टीलचे डबे पण गेले. महिन्याचे पैसे यायचे राहिले, किराणावाल्याची तेलाच्या दोन डब्यांची आणि गव्हाची उधारी डोक्यावर, आणि पोळ्यांना दोन बायका येत होत्या त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणायला तोंड उघडेना.

मे महिन्यात टीव्हीवर ३ लाख कोटींच्या गॅरंटीवाल्या कर्जाचं ऐकलं म्हणून जूनमधे बँकेत गेले. मॅनेजर चांगले होते, बसवून सगळं सांगितलं. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या धंद्यावर जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के वाढवून मिळणार. आता मी आयुष्यात कधी बँकेचं कर्ज काढलंच नव्हतं, भिशीवर आणि फार झालं तर बांगड्या गहाण टाकून भागवलं, तर शून्याचे २० टक्के काय होणार? दुसरी स्वनिधी योजना, १० हजारांची, ती रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी. माझा ठेला नाही, मी घरातून डबे देते. म्हणजे ज्यांनी कधी कुणाचं देणं ठेवलं नाही त्यांच्यासाठीच तिथे दार नव्हतं.

आणि अशाच लोकांकडे एजंट आले. आमच्याकडे ओळखीतूनच एक मुलगा आला, म्हणाला मावशी कोविड स्पेशल मुद्रा लोन आहे, ५० हजार आठ दिवसांत. हातात अशोकस्तंभ छापलेला कागद. ३५०० रुपये फाइल चार्ज घेतला, आधार, पॅनचे फोटो काढले, मग म्हणाला ओट्यापाशी उभ्या राहा, फोटो हवा. माझे हात कणकेने भरलेले, मी म्हटलं थांब हात धुते, तर म्हणाला राहू द्या, धंदा दिसायला पाहिजे. फोनवर दोन ओटीपी आले, ते मीच वाचून दाखवले. चार दिवसांनी त्याचा नंबर बंद.

३५०० गेले म्हणून गप्प बसले, घरात सुद्धा नीट सांगितलं नाही. २०२२ मधे मुलं परत आली, मोठी भट्टी आणि फ्रीज घ्यायचा म्हणून बँकेत गेले तेव्हा कळलं की माझ्या नावावर कुठल्याशा फायनान्स कंपनीचं ७८ हजारांचं कर्ज आहे आणि हप्ते थकलेत. ज्या कंपनीचं दार मी बघितलेलं नाही! पैसे माझ्या खात्यात आलेच नव्हते. सप्टेंबर २०२२ मधे रिझर्व्ह बँकेने नियम काढला की डिजिटल कर्जाची रक्कम थेट घेणाऱ्याच्याच खात्यात गेली पाहिजे, मधल्या कुणाच्या नाही, पण तोवर माझं व्हायचं ते झालं होतं. पोलिसात अर्ज, कंपनीला पत्रं, अकरा महिने लागले नाव साफ व्हायला, आणि तेवढे सगळे महिने मी कागदावर कर्जबुडवी.

आता दुसरी गोष्ट. शेजारी फ्लेक्स छापणारे एक दादा आहेत. त्यांचं ९ लाखांचं कर्ज होतं म्हणून त्याच गॅरंटीवाल्या योजनेत त्यांना १ लाख ८० हजार मिळाले. बऱ्याच जणांना वाटतं सरकारी गॅरंटी म्हणजे आपल्याला माफी, तसं नाही, गॅरंटी बँकेला होती, फेडायचं आपल्यालाच. पहिलं वर्ष फक्त व्याज, पुढे ३६ हप्ते. ते वर्ष संपत होतं तेव्हाच २०२१ ची दुसरी लाट आली, लग्नं नाहीत, सभा नाहीत, फ्लेक्स छापणार कुणाचे? जुना हप्ता आणि नवा हप्ता एकदम सुरू झाला. त्यांनी मोठी मशीन विकली, वहिनींचं सोनं मोडलं, सगळं फेडत आणलं आणि शेवटचे पाच हप्ते राहिले. ह्या माणसाला वसुलीवाला रात्री नऊ वाजता फोन करून चोर म्हणतो, मुलगी बाजूला अभ्यास करत असते.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तो सांगतो तिकडे धंदेवाल्यांना कोरोनात दिलेलं कर्ज पगारांवर वगैरे खर्च केलं असेल तर नियमाप्रमाणे माफ झालं. फसवणूक तिकडेही प्रचंड झाली, सरकारच्याच तपासनिसांनी जून २०२३ मधे कोरोना कर्जाच्या दोन योजना मिळून २०० अब्ज डॉलर ठगांच्या हाती गेले असावेत असा अंदाज दिला, फ्लोरिडात तर एकाने त्या पैशातून लॅम्बोर्गिनी घेतली होती. पण अशा फसवणुकीच्या केसेस १० वर्षांपर्यंत करता याव्यात म्हणून त्यांनी २०२२ मधे वेगळा कायदा केला. म्हणजे पाठलाग ठगाचा. आपल्याकडे एजंट पसार आणि नोटीस माझ्या दारावर.

माझं बँकांना एवढंच म्हणणं आहे, की ज्याच्या नावावर दुसऱ्याने कर्ज उचललं तो, ज्याचा धंदा बसला तो, आणि ज्याने खोटे कागद दाखवून पैसे पळवले तो, ह्यांना एकाच यादीत टाकू नका. आणि वाचकांनी वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, फुकट मिळतो तो काढून बघा, चूक असली तर लेखी तक्रार करा, २०२४ पासून ३० दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० ह्या हेल्पलाइन नंबरला फोन करा, माझ्यासारखे दोन वर्ष गप्प बसू नका. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, हे दादांना सुद्धा मीच सांगितलं.

ते पत्र लिहिणारे वाचक इंदूरचेच असतील तर त्यांनी एकदा सकाळी अकराला आमच्याकडे यावं, डबे भरायची वेळ असते. सध्या ४१ डबे आहेत. दादांचं पासबुक पण बघायला मिळेल, मी त्यांना विचारून ठेवलंय.

आपली,
एक डबेवाली, इंदूर