पत्ता लिहून पाठवा, बोलायचं असेल तर फोन करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आजकाल फोन करायच्या आधी मेसेज टाकून 'बोलू का आत्ता?' विचारायची पद्धत पडलीये आणि आमच्या वयाचे बरेच जण त्यावर नाक मुरडतात, की काय बाई, बोलायला पण अपॉइंटमेंट. मला मात्र ते पटतं, निदान अनोळखी नंबर असेल तेव्हा तरी. 140 ने सुरू होणारा कॉल जाहिरातीचा असतो हे कळतं, पण साध्या मोबाइल नंबरवरून लोन घ्या, प्लॉट घ्या करणारे इतके झालेत की नवीन नंबर घरात कोणी उचलतच नाही आणि मग खरा कुरिअरवाला खाली गेटपाशी उभा राहून वैतागतो. दोन शब्द लिहा ना, मी अमुक, या कामासाठी फोन करतोय, लगेच उचलते.

माझा खरा राग आहे तो व्हॉइस मेसेजवर. साधा पत्ता विचारला तर समोरून चांगला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज येतो, त्यात आधी 'हां, तर काय झालं ना', मग कुकरची शिट्टी, मग नळस्टॉपकडून आलीस की दशभुजा गणपती लागेल, तिथून, थांब हं, बेल वाजली, आणि फ्लॅट नंबर अगदी शेवटी पुटपुटलेला. रिक्षात बसून हे कानाला लावून ऐकायचं, हॉर्नमध्ये निम्मं कळत नाही, परत पहिल्यापासून लावायचं. बोलणाऱ्याचा टायपिंगचा त्रास वाचतो पण तो ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडतो त्याचं काय? पत्ता, वेळ, औषधाचं नाव या गोष्टी लिहूनच पाठवाव्यात, आणि गप्पाच मारायच्यात तर सरळ फोन करा, मग मलाही मध्ये बोलता येतं.

सोसायटीचं तर बोलायलाच नको. लिफ्टच्या मेंटेनन्सचं कोटेशन ग्रुपवर, त्याच्यावर गुड मॉर्निंगची फुलं, त्याच्यावर कोणाची तरी हरवलेली किल्ली. पुढच्या वर्षी तेच कोटेशन शोधायला बसलं की सापडत नाही आणि ज्याने टाकलेलं त्याने तोवर फोन बदललेला असतो. अशा गोष्टी ई-मेलवरच हव्यात, तारखेसकट राहतात. वर आमच्याकडे मेसेज कोणी वाचला ते दाबून बघतात आणि जिन्यात गाठून विचारतात, वाचलंत ना, मग उत्तर का नाही? निळी टिक सेटिंगमधून बंद करता येते, पण ग्रुपमध्ये तीही सोय नाही.

आणि कोणी गेल्याची बातमी. ती तरी जवळच्यांना फोनवर सांगा हो. ग्रुपवर हार घातलेला फोटो, खाली हात जोडलेल्यांची रांग आणि मध्येच एखाद्याचा हॅपी बर्थडे, हे बघवत नाही. आमच्या सासूबाईंकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांना त्यांच्या मावसबहिणीचं कळलं ते दहाव्याच्या आदल्या दिवशी, कारण 'ग्रुपवर टाकलं होतं की'.

मुलांचं म्हणणं असतं की फोनला वेळ जातो. 2003 च्या आधी मोबाइलवर इनकमिंगलाही पैसे पडायचे तेव्हा आम्ही फोन न उचलताच निरोप देत होतो, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे स्टेशनवर घ्यायला ये. त्यामुळे थोडक्यात आवरायचं आम्हाला शिकवू नका. पण आजारी माणसाला 'गेट वेल सून'चं स्टिकर पाठवून मोकळं होणं हे काही मला जमत नाही, त्याचा आवाज ऐकला की ताप उतरलाय की नाही ते तरी कळतं.

पत्र लांबलंय, कापायचं असेल तर जरूर कापा, पण सासूबाईंचा भाग ठेवा, त्या पेपर रोज वाचतात. काही विचारायचं असल्यास ई-मेल करा, फोन केलात तरी चालेल, फक्त दुपारी एक ते चार सोडून.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे