रेवास, बाबांच्या ऑपरेशनआधी

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच ठेवला. "आई, तुझा काळ गेला" म्हणालीस त्याचा राग आला नव्हता. काळ गेलाच आहे. त्याआधीचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. "बाबांच्या बायपासला पायाची व्हेन मीच काढणार." इतक्या सहज म्हणालीस, की त्यानंतरचं मला धड ऐकूही आलं नाही.

फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो, म्हणून पत्र. या पत्रात तो विषय काढणार नव्हते, फक्त डॉपलरचं, म्हणजे पायाच्या शिरांच्या सोनोग्राफीचं कळवायचं होतं. तर आधी तेच.

लिमा, म्हणजे छातीतली डावी धमनी, एलएडीला, हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडणार, त्यावर कुणाचंच दुमत नाही. दहा वर्षांनी बघितलं तरी दहातल्या नऊ जणांत ती वाहती असते. उरलेल्या दोन जागांसाठी पायाची शीर. डावी नको म्हणाले, पोटरीत ती फुगलेली आणि वेडीवाकडी आहे. उजवी घोट्यापासून जांघेपर्यंत सरळ आहे, गुडघ्याखाली एक जाडसर फाटा आहे तेवढाच. शुगरमुळे लांब जखम भरायला त्रास होईल, म्हणून एंडोस्कोपने, छोट्या कापातून कॅमेऱ्याची नळी घालून काढू असं सर्जनचं मत. बाबांना त्यातलं एवढंच कळलं की गुडघ्याजवळ छोटासा काप बसणार, आणि ते खूश आहेत. माई आत्याला फोन करून सांगूनही झालं.

तू पाठवलेले पेपर, सगळं वाचलं. चष्मा बदलायला झालाय, पण वाचलं.

मी सिस्टर होते तेव्हा आमच्या ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्ये, पाय घोट्यापासून वरपर्यंत उघडायचे. फावालोरोंनी १९६७ मध्ये क्लीव्हलँडला पायाची शीर हृदयाला लावायला सुरुवात केली, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष छातीकडे. पाय कायम सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या वाट्याला. पण शीर उघड्या डोळ्यांना दिसायची. फाटे एकेक करून बांधायचे, कापायचे. बाहेर आली की वाडग्यात, आणि घोट्याकडच्या टोकाला कॅन्युला, बारीक नळी, बांधून सिरिंज मी पुढे करायची. हलका दाब दिला की शीर भरत जाते, आणि एखादा फाटा सुटलेला असेल तर तिथून बारीक धार उडते. सेव्हन-झीरोचा, अगदी बारीक धाग्याचा, एक टाका. कुणी सिरिंज जोरात दाबली तर आमचे सर अख्खी ओटी डोक्यावर घ्यायचे, कारण त्या फुगण्यातच आतलं अस्तर फाटतं आणि पुढे गुठळी धरते ती नेमकी तिथे. तू चौथीत असताना ड्यूटी रूममध्ये गृहपाठ करत बसायचीस आणि शीर उलटी का लावतात म्हणून माझं डोकं खायचीस. शिरेतल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा म्हणजे काय ते मी तुला पेनाच्या टोपणावर समजावलं होतं. ते टोपण तू हरवलंस.

विषय कुठे चालला माझा.

सांगायचं हे की मी तुझ्या एंडोस्कोपच्या विरोधात नाही. तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेलं की पेशंट छातीचं नावही काढत नसत. पायच. सूज, टाक्यांतून पाणी, घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा, कारण तिथली नस शिरेला चिकटूनच जाते. शुगरवाल्यांची जखम उकलली की कित्येक आठवडे ड्रेसिंग. हृदय ठणठणीत आणि माणूस पायामुळे घरात बसलेला, असे किती बघितले. दोन बोटांच्या कापातून कार्बन डायऑक्साइडने बोगदा करायचा, पडद्यावर बघत फाटे तोडायचे आणि परकराची नाडी ओढावी तशी शीर बाहेर काढायची, हे मला आधी पटलं नव्हतं. आता पटतं.

पण एंडोस्कोपच्या विरुद्ध जाणारा २००९ चा पेपर तू मला पाठवला नाहीस. मी शोधून काढला. तीन हजारांच्या आसपास पेशंट होते, आणि ज्यांची पुन्हा अँजिओग्राफी केली त्यांच्यात वर्ष-दीड वर्षात शिरेचा ग्राफ्ट, म्हणजे हृदयाला जोडलेला तुकडा, बंद पडलेले किंवा फार अरुंद झालेले एंडोस्कोपवाले ४६.७ टक्के, ओपनवाले, म्हणजे पाय उघडून काढलेले, ३८ टक्के. तू म्हणशील कुणाला कोणती पद्धत ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, सर्जनच्या मर्जीवर होतं. बरोबर आहे. तू पाठवलेला २०१९ चा अभ्यास त्याहून नीट केलेला, तेही मान्य. ११५० पेशंट, सोळा हॉस्पिटलं, पावणेतीन वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रोसिजर हे सगळं धरून एंडोस्कोपवाले १३.९ टक्के, ओपनवाले १५.५, म्हणजे फरक नाहीच. आणि पायाचं इन्फेक्शन १.४ टक्के विरुद्ध ३.१. बाबांसाठी तर तोच आकडा मोठा. पण त्याच पेपरात शीर काढणारे कोण होते तेही लिहिलंय, बाळा. प्रत्येकाने निदान शंभर काढलेल्या, आणि मध्येच सोडून ओपन करावं लागण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत. मी तुला विचारलं तुझ्या किती झाल्या. "पुरेशा," म्हणालीस.

मग लगेच नो-टच पद्धतीवर गेलीस. शिरेला चिमट्याने न धरता, न फुगवता, भोवतीच्या चरबीसकट उचलायची. स्वीडनमधल्या ओरेब्रूचे आकडे मीही वाचलेत, सोळा वर्षांनी ८३ टक्के ग्राफ्ट वाहते, जुन्या पद्धतीचे ६४. पन्नाशीतला सडपातळ, शुगर नसलेला माणूस असता तर मीच सर्जनच्या मागे लागले असते. पण त्यात पाय उघडावाच लागतो आणि जखमा जास्त चिघळतात. पुढे स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये नऊशे पेशंटचा अभ्यास झाला, त्यात ग्राफ्टचा फरक ठामपणे काही दिसला नाही, पायाचा त्रास मात्र वाढलेलाच दिसला. बाबा एकाहत्तरचे आहेत. मला सोळा वर्षं हवीच आहेत गं, पण त्यांना पंधरा दिवसांत जिना उतरायचाय.

आणि तू एका तासात दोन पद्धतींवर आलीस-गेलीस. म्हणजे पद्धत कोणतीही चालेल, हात फक्त तुझा हवा. मला भीती आहे ती त्याची.

हात वाईट आहे असं मी म्हणत नाही. शिकतानाचा तो व्हिडिओ पाठवला होतास ना, त्यात फाटा तोडताना तू कॉटरी, ते चटका देऊन तोडायचं हत्यार, शिरेपासून लांब, पार फाट्याच्या टोकाला नेलीस आणि थांबलीस. कॅमेऱ्याची काच पुसून आणलीस, मग तोडलंस. आमचे सरही इतकं थांबायचे नाहीत. मी ते चारदा बघितलं आणि शेजारच्या वहिनींना नेऊन दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी छान म्हटलं.

पण तुला आठवतं का, बाबा स्कूटरवरून पडले तेव्हा डाव्या नडगीचं ड्रेसिंग तू करायचीस? दहा वर्षांची असशील. मला हात लावू द्यायची नाहीस. बीटाडिन, गॉज, पट्टी, सगळं मी दाखवलं तसं. एकदाही रडली नाहीस. जखम भरली, काळा डाग राहिला, आणि मग पुढे कॉलेजात जाईपर्यंत तू म्हणत राहिलीस, "मीच पट्टी घट्ट बांधली म्हणून डाग पडला." बाबांनी शंभरदा सांगितलं की डाग खरचटण्याचा आहे. तू तेव्हाही मान हलवायचीस, आणि दादाने चिडवलं की उठून आत जायचीस.

शिरेचे ग्राफ्ट बंद पडतात, रेवा. कुणीही काढले, कसेही काढले, तरी काही बंद पडतातच. कधी पहिल्या महिन्यात गुठळीने, कधी सात-आठ वर्षांनी आतून जाड होत होत. आपण ॲस्पिरिन देऊ, स्टॅटिन देऊ, त्यांची सिगारेट सुटलीच आहे. तरी उद्या त्यांच्या छातीत दुखलं, तर तू अँजिओग्राफीच्या पडद्यावर ती जागा बघशील, आणि तिथे तुला कॉटरीचा चटका दिसेल, असो वा नसो. परक्या माणसाच्या हाताने काढलेली शीर बंद पडली, तर तू त्या माणसाला शिव्या घालशील आणि दुसऱ्या दिवशी कामाला जाशील. मला तेच हवंय.

पुन्हा तेच लिहिलं ना. आणि वर जेवतेस का, ती शिशाची एप्रन घालून मान धरते का, रात्री दोन वाजता मला पेपर का पाठवतेस, हेही लिहिणार होते. नाही लिहीत. तू मोठी आहेस, आणि यातलं माझ्याहून जास्त जाणतेस. रागावू नकोस.

तुला करायचंच आहे तर हे कर. सर्जनना तू विचार, मी विचारलं तर ते सिस्टर सिस्टर करून हसण्यावारी नेतात. शीर कोण काढणार, त्याच्या किती झाल्यात, बोगदा करण्याआधी हेपरिन, रक्त गोठू नये म्हणून, देणार का, बाहेर काढल्यावर सिरिंजवर कोण असणार. गुडघ्याखालच्या त्या फाट्याचंही सांग. अडकलंच तर ओढत बसू नका, सरळ पाय उघडा, हे माझ्या नावाने सांग.

आणि त्या दिवशी तू माझ्याजवळ बस. मी इतकी वर्षं ओटीत काढली, पण दाराबाहेर कधी बसलेले नाही. बाहेरच्यांना आत बोलवायला जायचे तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी घाईने मास्क वर ओढायचे. दादाला बसवता येईल, पण दादा दर दहा मिनिटांनी चहाला उठतो.

तिकिटाचं कळव.

तुझी
आई

ता.क. क्लोपिडोग्रेल, ती रक्त पातळ करायची गोळी, पाच दिवस आधी थांबवायला सांगितलंय, ॲस्पिरिन चालू. बाबांना या पत्राचं बोलू नकोस. "पाय माझी रेवा करणार" असं ते येईल त्याला सांगत सुटलेत, काल मेडिकलवाल्यालाही सांगितलं. त्यांचं मी बघते, तू फक्त हो म्हणून बसू नकोस.