आधी रस्त्याखाली नळी, मग बिलावर सवलत

संपादक महोदय,

ब्रॉडबँडच्या बिलात सरकारने हातभार लावावा, ही मागणी रास्त आहे. दूरसंचार नियामक असलेल्या ‘ट्राय’नेही ऑगस्ट २०२१ मध्ये ग्रामीण ग्राहकांना निम्मे बिल, महिना २०० रुपयांच्या मर्यादेत, थेट खात्यात द्यावे, अशी प्रायोगिक योजना सुचवली होती. अमेरिकेत महिना ३० डॉलरची अशी सवलत दोन कोटींहून अधिक कुटुंबांना मिळत होती. निधी आटला आणि जून २०२४ मध्ये ती बंद पडली. ठाण्यात मात्र पहिला पैसा बिलावर नव्हे, रस्त्याखाली केबलसाठी नळ्या टाकण्यावर खर्च व्हायला हवा.

लोकमान्यनगर, किसननगरच्या गल्ल्यांत फायबर केबल खांबावरून झाडावर आणि झाडावरून पत्र्यावर जाते. तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा हिशेब पाहा. ऑपरेटरच्या यंत्रातून प्रकाश साधारण अधिक ४ डीबीएमने (प्रकाशाच्या ताकदीचे माप) निघतो. वाटेतले १:८ चे दोन स्प्लिटर, म्हणजे एका धाग्यातला प्रकाश आठ वाटांत विभागणारे भाग, मिळून त्यातले २१ डेसिबल खातात. घरात फायबर जिथे जोडतात त्या ओएनटी यंत्राला उणे २७ डीबीएमपर्यंतचाच प्रकाश वाचता येतो. म्हणजे केबल, जोड आणि कनेक्टर मिळून गळतीला वाव उरतो जेमतेम १० डेसिबलचा. वितळवून नीट केलेला जोड ०.१ डेसिबलही खात नाही; पण खांबाला करकचून आवळलेली केबल किंवा फांदीला टांगलेल्या जॉइंट बॉक्समध्ये शिरलेले पाणी सगळी शिल्लक संपवते. गंमत अशी की सुरुवातीला लाल दिवा लागतही नाही. नेट नुसते तुटत-जुळत राहते आणि ग्राहक बिचारा नवा राउटर आणतो. तंत्रज्ञाला आधी मीटरवरचे रीडिंग दाखवायला सांगावे. उणे २५ च्या खाली, म्हणजे उणे २६ किंवा उणे २७ असेल, तर दोष राउटरमध्ये नाही, लाइनमध्ये आहे.

ही केबल रस्त्याखाली नळीतून न्यायला पैसा कुठून आणायचा? दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के केंद्राच्या डिजिटल भारत निधीत जातात. दूरसंचार कायदा, २०२३ ने या निधीच्या कक्षेत ग्रामीण व दुर्गम भागांबरोबर सेवा अपुरी असलेले शहरी भागही आणले. ठाण्याच्या वस्त्या आणि नवी मुंबईतले दिघा, तुर्भे स्टोअर यांच्यासाठी राज्याने याच तरतुदीवर बोट ठेवून प्रस्ताव पाठवावा.

ही रक्कम ऑपरेटरच्या हाती देऊ नये. पालिका जलवाहिनीसाठी रस्ता खोदते तेव्हाच बाजूला ४० मिलिमीटरच्या चार एचडीपीई (टणक प्लास्टिकच्या) नळ्या टाकाव्यात, पुढे केबल ओढून घेण्यासाठी आत ओढदोर ठेवावा, गल्लीच्या तोंडाशी चेंबर बांधावा. एक नळी पालिकेकडे राहावी, बाकीच्या परवानाधारकांना एकाच दराने भाड्याने द्याव्यात. छोट्या ऑपरेटरला हीच खरी मदत. नाहीतर तो खांबावरच लटकत राहणार.

मार्च २०२३ मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणले. खोदण्यापूर्वी त्यावर सूचना दिल्याची नोंद दाखवल्याशिवाय पालिकेने कंत्राटदाराचे बिल काढू नये. जेसीबीच्या एका फटक्यात ९६ धाग्यांची केबल गेली, तर ती जोडायला अख्खी रात्र जाते.

पावसाळा सरला की खोदकामाचे परवाने पुन्हा सुटतील. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी त्याआधीच रस्त्यांच्या निविदांत या नळ्यांची बाब घालावी, ही विनंती.

– ब्रॉडबँड जोडणीच्या कामातील तंत्रज्ञ, ठाणे (पश्चिम)