सावकारणीचा आवाज

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ‘सावकारीण’ या रॅपचा डेमो ऐकला. बीट झकास आहे, मिनिटाला 90 ठोक्यांचा टेम्पो तिला शोभतो. पण पहिल्या आठ बारमध्येच (बार म्हणजे चार ठोके) ती चारदा जिवावर उठते. एवढ्या धमक्या देणारी बाई चिडलेली वाटते, तिची भीती वाटत नाही. तिला कामाला लाव. ती चष्मा पुसते, वही उघडते, नाव मोठ्यानं वाचते आणि चहा मागते. पैशांचं नावही काढत नाही. बास, घरातली माणसं आपोआप गप्प होतील.

एमएफ डूम या रॅपरकडे बघ. मूळ नाव डॅनियल डुमिले. 1993 मध्ये धाकटा भाऊ अपघातात गेला, त्याच सुमारास रेकॉर्ड कंपनीनं त्यांच्या गटाला वाऱ्यावर सोडलं. काही वर्षांनी हा परतला तो तोंड झाकून. आधी चेहऱ्यावर स्टॉकिंग ओढायचा, धातूचा मुखवटा नंतर आला. कॉमिकमधल्या डॉक्टर डूमवरून त्यानं हे सोंग उभं केलं आणि बऱ्याचदा स्वतःबद्दल ‘तो’ म्हणूनच रॅप केलं. मॅडलिब या संगीतकाराबरोबरच्या 2004च्या ‘मॅडव्हिलनी’ या अल्बममध्ये तर बहुतेक गाण्यांना हुकच, म्हणजे परत परत येणारं धृपदच, नाही. खलनायकानं दर 16 बारनंतर ‘मी किती वाईट’ हे घोळवायचं कशाला? तुझाही हुक काढून टाक. तिथं दोन बार नुसता बीट राहू दे.

आता आवाज. मॅडलिबनं क्वासिमोटो नावाचं पात्र केलं, त्याची युक्ती सोपी आहे: संगीत हळू चालवून त्यावर रॅप रेकॉर्ड करायचं, मग सगळं पूर्ववत वेगानं वाजवायचं. तुझा 90चा बीट 67.5वर आण. 16 बारना 43 सेकंद लागतात, तिथं 57 लागतील. परत 90ला नेलंस की आवाज साधारण 5 सेमीटोन (अर्धस्वर) वर चढेल. यात दोन गोष्टी बिघडतात. हळू बोलताना जोडाक्षरं ओढली जातात, म्हणून ‘कर्ज’, ‘व्याज’ असे शब्द मुद्दाम तोडून म्हण. आणि वेग वाढला की ‘स’, ‘च’ कानात टोचतात. डी-एसर (हे टोचणारे आवाज दाबणारा इफेक्ट) त्यानंतरच लाव, आधी लावलास तर चुकीच्या फ्रीक्वेन्सीवर बसेल. जाड आवाज हवा असेल तर 2-3 सेमीटोन खाली पुरे. त्याहून खाली नेलास तर शब्द गढूळ होतात. कुठलंही केलंस तरी इफेक्ट नसलेला साधा ट्रॅक पुसू नकोस. तो 10 डेसिबल कमी करून खाली चालू ठेव, म्हणजे शब्द कळतात.

डूमला इंग्रजीत ‘मी’चा ‘तो’ करताना क्रियापदही बदलावं लागे. तुला मराठीनं ते फुकट दिलंय. ‘मी उघडते’, ‘ती उघडते’: क्रियापद एकच. सर्वनाम गाळलंस की ऐकणाऱ्याला कळतच नाही, सावकारीण बोलतेय की सानिका. (यमक मात्र ‘-ते’वर जुळवू नकोस. पुसते-उघडते-वाचते ही यमकं शाळेच्या गॅदरिंगमध्ये शोभतात. ओळीचा शेवट नामावर कर.) भूतकाळात मात्र भांडं फुटतं: ‘ती आली’, पण ‘मी आले’. म्हणून पहिला व्हर्स (कडवं) ‘दारात आली’नं सुरू कर, मधे भूतकाळातलं येणंजाणं अजिबात नको, आणि शेवटच्या बारला ‘दारात आले’.

त्या ‘आले’वर कसलाही इफेक्ट नको. पिच केलेला ट्रॅक दोन ठोके आधीच बंद कर आणि साधा ट्रॅक पूर्ण आवाजात आण.

बाबांना सध्या फक्त बीट ऐकव.

तुझी,
आई