आखाजीला माहेरी आलेल्या ताईचे जाहीर आभार

ताई,

समोर येऊन आभार मानले असते तर 'हाट, काय आभार-बिभार' म्हणत उडवून लावलं असतंस. म्हणून चारचौघांत लिहितोय.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तू पुण्याहून अमळनेरला आलीस, तेव्हा माझ्या मते माझा एमटेकचा प्रोजेक्ट झालाच होता. नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणारं मॉडेल, केडीडी कप ९९ या नेटवर्कच्या नोंदींच्या जुन्या डेटासेटवर तपासलेलं, अचूकता ९९ टक्क्यांच्या वर. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. तू ओट्यावर बसून लॅपटॉप मांडीवर घेतलास.

मॉडेलकडे तू बघितलंच नाहीस. 'आधी डेटातल्या एकसारख्या ओळी काढ,' म्हणालीस. दहा टक्केवाल्या फाइलमध्ये ४,९४,०२१ नोंदी होत्या, उरल्या १,४५,५८६. एकट्या स्मर्फ हल्ल्याच्या (पिंगच्या उत्तरांचा पूर सोडून मशीन बुडवणारा हल्ला) २,८०,७९० होत्या, त्या ६४१ वर आल्या. कोड चुकला असेल म्हणून मी पुन्हा चालवला. आकडा तोच. म्हणजे मॉडेल त्याच त्या ओळी पाठ करून पास होत होतं. काकूंनी मांडे आणि आमरस आणून ठेवला होता, माझ्या घशाखाली उतरेना. तू मात्र दुसरा मांडा मागून घेतलास आणि विचारलंस, "तू चोरले वयखस, का त्याना सदराले?" म्हणजे चोराला ओळखतोस, की त्याच्या सदऱ्याला?

सदऱ्याची गोष्ट तेव्हा कळली नव्हती. मग तू या डेटाच्या धाकट्या भावंडाचा, एमआयटी लिंकन लॅबच्या १९९९ च्या संचाचा किस्सा सांगितलास. तिथे हल्ल्यांच्या पॅकेटमध्ये टीटीएल (पॅकेट अजून किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) १२६ किंवा २५३, आणि नेहमीच्या बहुतेक रहदारीत १२७ किंवा २५४. म्हणजे हल्ला काय असतो हे न कळताही नुसत्या एका आकड्यावरून तो पकडता येतो! केडीडीची सुधारलेली आवृत्ती म्हणजे २००९ चा एनएसएल-केडीडी, त्यात दुबार नोंदी काढल्या, पण आतली रहदारी १९९८ चीच राहिली.

'मग कुठला डेटासेट घेऊ?' या माझ्या प्रश्नाला तू सरळ उत्तर दिलंच नाहीस. त्याचा तेव्हा राग आला होता. 'तुझ्या मॉडेलने काय पकडायचं ते आधी ठरव,' एवढंच बोललीस. बॉटनेट (चोरून ताब्यात घेतलेल्या मशीनची फौज) हवं असेल तर चेक विद्यापीठाचा सीटीयू-१३ बघ, मिश्र हल्ले हवे असतील तर यूएनएसडब्ल्यू-एनबी१५ किंवा सीआयसीआयडीएस२०१७.

मी शेवटचा घेतला. सोमवार ते शुक्रवार, ३ ते ७ जुलै २०१७, सोमवारी एकही हल्ला नाही. अठ्ठावीस लाखांवर नोंदी, त्यात इन्फिल्ट्रेशन (आत शिरून केलेला हल्ला) या प्रकाराच्या ३६ आणि हार्टब्लीड (सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर चोरणारा हल्ला) याच्या ११. या सगळ्याच्या सगळ्या चुकवल्या तरी अचूकतेच्या आकड्याला ओरखडा उठत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक हल्ल्याचा वेगळा हिशोब मांडतो. पोर्टचा (मशीनवरच्या सेवेच्या दाराचा क्रमांक) रकाना काढून टाकला, तोही सदराच, आणि तू म्हणालीस तशी २०२१ मध्ये संशोधकांनी दुरुस्त केलेली आवृत्ती घेतली. मूळ संचात फ्लो (एका संवादाची सगळी पॅकेटं) जोडताना आणि 'हल्ला की नेहमीचं' हे लेबल लावताना चुका झाल्या होत्या.

पण खरी शिकवण धुळ्याच्या कॉलेजात मिळाली. तुझ्या सांगण्यावरून विभागप्रमुखांची लेखी परवानगी काढली आणि लॅबची रहदारी टिपली, फक्त हेडर, म्हणजे पाकिटावरचा पत्ता, आतला मजकूर नाही. परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. अख्खं कॉलेज एकाच सर्व्हरवर तुटून पडलेलं, पान उघडेना म्हणून जो तो रिफ्रेश मारतोय. मॉडेल दुपारभर 'हल्ला, हल्ला' ओरडत होतं. तुला फोन केला तर तू इतकी हसलीस की शेजारच्या टेबलावरच्यांनीही ऐकलं.

आता रिपोर्टात ९९ नाही. कमी झालेला आकडा पाहून गाइडच्या कपाळावर आठी पडली, पण स्मर्फचा तक्ता दाखवल्यावर तेही गप्प झाले.

फॉर्मच्या दिवसाची ती फाइल कॉलेजच्या मशीनवर जपून ठेवली आहे. तुला बघायची होती ना? दिवाळीला आलीस की धुळ्याला चल. एसटीचं तिकीट माझ्याकडून.

तुझा,
समोरच्या घरातला भाऊ