ज्येष्ठांची नाडी हाताने तपासली जावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारी मनगटी घड्याळे आता अनेक घरांत दिसतात. परदेशातली मुले आई-वडिलांसाठी ती आवर्जून पाठवतात. मात्र हे घड्याळ हार्ट अटॅकची आगाऊ सूचना देते असा समज त्यासोबत रुजत आहे आणि तो घातक आहे. छातीत दुखून घाम फुटलेला असताना घड्याळ काही दाखवत नाही म्हणून घरीच थांबणे जिवावर बेतू शकते.

ही घड्याळे ओळखू शकतात तो विकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, डाव्या बाजूच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. या रुग्णांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. अनेकांना कसलाच त्रास जाणवत नाही, शिवाय हा विकार येतो आणि जातो. त्यामुळे अंगावर छोटे यंत्र लावून चोवीस तास ईसीजी नोंदवणाऱ्या हॉल्टर तपासणीतही तो निसटू शकतो. महिनोन्महिने मनगटावर असणाऱ्या उपकरणाचा खरा उपयोग इथे आहे.

अमेरिकेत अ‍ॅपलच्या घड्याळावर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ जण होते. त्यांपैकी अवघ्या ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीचा इशारा मिळाला; चाळिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ०.१६ टक्के, तर पासष्टीपुढे ३.१ टक्के होते. इशाऱ्यानंतर छातीवर ईसीजी नोंदवणारी चिकटपट्टी लावून ती परत पाठवलेल्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांमध्ये हा विकार सापडला. म्हणजे बाकीचे सगळे इशारे खोटे होते असे नव्हे, कारण चिकटपट्टी लागेपर्यंत ठोके पुन्हा नियमित झालेले असू शकतात. तरीही घाबरून जाण्याचे किंवा स्वतःच्या मनाने रक्त पातळ करणारी गोळी सुरू करण्याचे हे कारण होऊ शकत नाही.

मी अनेक वर्षे ईसीजी काढण्याचे काम केले. ईसीजीच्या कागदाला दुसऱ्या कागदाची कड लावून रेघेच्या दोन उंच टोकांमधले अंतर पेन्सिलीने खुणावायचे आणि तीच खूण पुढे सरकवत न्यायची. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर ती कुठेच नीट जुळत नाही. पण अधूनमधून एखादा ठोका लवकर पडला किंवा म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरला, तरी रेघ वेडीवाकडी दिसते. त्यामुळे घड्याळाच्या हिरव्या प्रकाशाने टिपलेल्या नाडीवर निदान होत नाही; डॉक्टरांनी स्वतः वाचलेला ईसीजी लागतोच.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाची झडप आकसलेल्या रुग्णांना हाच विकार तरुणपणी गाठतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि भारतातील रुग्णांचाही समावेश असलेल्या चाचणीत अशांसाठी रक्त पातळ करणाऱ्या नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा त्याच कामाच्या वॉरफॅरिनसारख्या जुन्या गोळ्या सरस ठरल्या. त्यांचा डोस मात्र वारंवार आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून ठरवावा लागतो. घड्याळाला झडप दिसत नाही, ती टूडी एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतच दिसते.

ज्यांच्याकडे घड्याळ नाही, त्यांचे काय? सरकारी तपासणी मोहिमेत तिशीपुढच्या नागरिकांचा रक्तदाब, साखर आणि काही कर्करोग तपासले जातात. इलेक्ट्रॉनिक यंत्राने रक्तदाब मोजण्याची पद्धत रूढ झाल्यापासून रुग्णाच्या मनगटाला बोटेच लागेनाशी झाली आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाने या मोहिमेत पासष्टीपुढच्या प्रत्येकाची नाडी पूर्ण एक मिनिट हाताने पाहणे सक्तीचे करावे आणि ती अनियमित लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात त्याच दिवशी ईसीजी काढण्याची सोय करावी. त्याचबरोबर आयएनआरची तपासणीही तालुक्याच्या ठिकाणी मोफत मिळावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ, सातारा