वीजदराइतकीच दोष-वहीचीही चर्चा व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंत्रमाग आणि कापड कारखान्यांच्या दुखण्यांवर आपल्या पत्रात सातत्याने लिहिले जाते. वीजदरातली सवलत, सुताच्या भावातले चढउतार, बँकेचे व्याज, सणाला गावी गेलेला कामगार वेळेवर न परतणे या तक्रारी खऱ्याच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण माग चालू असताना तो किती वेळ खरोखर विणतो, किती कापड डागी निघते आणि गोदामात पडलेल्या सुताचा हिशेब कोणाकडे असतो, हे प्रश्न या चर्चेत सहसा येतच नाहीत. या प्रश्नांवरचा एक प्रयोग आज जगभरच्या विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. तो झाला आपल्या दारात, तारापूर आणि सीमेपलीकडच्या उंबरगावात. त्याची मराठीत जवळजवळ चर्चाच झालेली नाही, म्हणून हे पत्र.

निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्राजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या पाच संशोधकांनी २००८ पासून हे काम केले आणि २०१३ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्या त्यात होत्या. सगळ्या घरगुती मालकीच्या, सरासरी २७०च्या आसपास कामगार असलेल्या. कारखाना चालवण्याच्या पद्धतींवर कोणाला पूर्ण सल्ला मिळणार आणि कोणाला नाही, हे सोडत काढून ठरवले. ११ कंपन्यांच्या १४ कारखान्यांत एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीची माणसे पाच महिने बसली : पहिला महिना पाहणीचा, पुढचे चार प्रत्यक्ष अंमलबजावणीचे. उरलेल्या ६ कंपन्यांच्या ६ कारखान्यांत फक्त महिन्याची पाहणी झाली. सल्ला सगळ्यांनाच फुकट होता.

हा दुसरा गट कशासाठी, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण सरकारी योजनांची फलश्रुती सांगताना नेमके हेच गाळले जाते. प्रयोग सुरू होत असतानाच २००८ची जागतिक मंदी आली. त्या काळात नुसते ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजले असते, तर मंदीचा फटका आणि सल्ल्याचा फायदा एकमेकांत मिसळून गेले असते. त्याच भागातले, त्याच धंद्यातले, तीच मंदी सोसणारे कारखाने तुलनेला असल्यामुळे दोघांतला फरक सल्ल्याच्या खात्यावर टाकता आला. कंपन्या फक्त १७, ही उणीव आहेच. ती काही अंशी भरून काढण्यासाठी वर्षाअखेरच्या एका ताळेबंदावर न विसंबता दोष, उत्पादन आणि साठा यांचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला घेतले गेले.

सल्लागारांनी ना नवे माग आणले, ना नवे तंत्रज्ञान. त्यांच्या यादीत ३८ पद्धती होत्या आणि त्या वाचून कोणताही जुना जॉबर (माग लावणारा-दुरुस्त करणारा कारागीर) हसेल, इतक्या साध्या. मागाची देखभाल वेळापत्रकाने करणे, माग का आणि किती वेळ थांबला ते लिहिणे, दोष प्रकारवार नोंदवणे, सूत छटा आणि काउंटप्रमाणे (धाग्याच्या जाडी-बारकीप्रमाणे) लावून रोज मोजणे, कोणाचे काम काय ते लिहून लावणे, ऑर्डर कुठपर्यंत आली ते पाहणे. प्रयोगापूर्वी कारखान्यांत यांतल्या सुमारे चौथा हिस्सा पद्धतीच चालू होत्या. सल्ल्यानंतर हे प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे गेले. तुलनेच्या गटात वाढ झाली ती जेमतेम १२ टक्के-बिंदूंची.

पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोषांचा निर्देशांक सुमारे ४३ टक्क्यांनी उतरला, सुताचा साठा २२ टक्क्यांच्या आसपास घटला, उत्पादन ९ टक्क्यांनी वाढले. नफ्यातली वाढ कारखान्यामागे वर्षाला तीन लाख डॉलरहून जास्त धरली आहे. मात्र हा आकडा अंदाजाचा आहे, तो दोष, साठा आणि उत्पादन यांतल्या बदलांवरून बांधलेला आहे. मालकांच्या हिशेबवह्यांतून आलेला नाही. आपल्याकडच्या घरगुती कंपन्यांच्या वह्यांबद्दल जास्त काय लिहावे?

या अभ्यासातला मेंडिंगचा, म्हणजे विणलेल्या कापडातले दोष दुरुस्त करण्याचा, तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. प्रयोगाआधी या कारखान्यांतले सुमारे १९ टक्के मनुष्यबळ विणून झालेले कापड तपासण्यात आणि सांधण्यात खर्च होत होते. दर पाच माणसांमागे जवळपास एक माणूस बाकीच्यांच्या चुका निस्तरत होता. मालकांना याची खंत नव्हती, कारण शेजारच्या कारखान्यातही हेच चालले होते. ‘आमचा माल इतरांसारखाच आहे’ हे उत्तर संशोधकांना मिळाले. दोष किती हे कोणी मोजतच नव्हते, त्यामुळे तो कमी होऊ शकतो, ही शंकाही कोणाला येत नव्हती. पैसा नाही किंवा कामगार ऐकत नाहीत, ही कारणे त्यामानाने मागे होती. पद्धत ठाऊक नसणे, किंवा ठाऊक असून तिच्यावर विश्वास नसणे, हेच मुख्य.

‘वहीत लिहून काय होते’ म्हणणाऱ्यांसाठी एक साधा हिशेब मांडतो. मिनिटाला १८० पिके, म्हणजे बाण्याचे आडवे धागे, टाकणारा रेपियर (धोट्याशिवाय चालणारा) माग घ्या, कापड इंचाला ६० पिकांचे. माग क्षणभरही न थांबता चालला, तर तासाला साधारण ४.५७ मीटर विणेल, म्हणजे १२ तासांच्या पाळीत सुमारे ५५ मीटर. तो ७० टक्के वेळ चालला तर ३८ मीटर, ७५ टक्के चालला तर ४१. एका मागावर एका पाळीत पावणेतीन मीटरचा फरक, सहज डोळ्याआड होणारा. पण ४८ मागांवर दोन पाळ्यांत तोच रोज २६० मीटरच्या वर जातो आणि २६ दिवसांच्या महिन्याला ६,८०० मीटरच्या घरात. वीज, भाडे, जॉबरचा पगार बहुतेक तेवढाच राहतो. हे पाच टक्के जातात कुठे? बाण्याच्या सुताचा संपलेला कोन (सुताची गुंडी) बदलायला, ताण्याची (उभ्या धाग्यांची) तार तुटल्यावर विणकर पोहोचेपर्यंत, बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) संपल्यावर दुसरा वेळेवर न आल्यामुळे, आणि एखाद्या दहा रुपयांच्या सुट्या भागासाठी बाजारात माणूस धाडल्यामुळे. यांतले कोणते कारण मोठे आहे, ते नोंदीशिवाय कोणी सांगू शकत नाही. विचारले, तर जॉबर सुताला दोष देतो, सूतवाला सायझिंगला (ताण्याला खळ लावण्याच्या कामाला), सायझिंगवाला हवेतल्या दमटपणाला.

नोंदीही बिघडतात, आणि त्या कशा बिघडतात हे माहीत असले, तर निम्मे काम होते. थांबण्याची वेळ पाळीच्या शेवटी आठवून लिहिली, की सगळीकडे ‘३० मिनिटे’ दिसू लागतात. माग थांबला त्याच वेळी, मागावरच लटकवलेल्या कार्डावर खूण झाली पाहिजे. कारणांची यादी पंचवीसची ठेवली, तर लोक ‘इतर’वरच खूण करतात; सहा-सात कारणे पुरतात, आणि ‘इतर’ दहातल्या एकापेक्षा जास्त वेळा येऊ लागले की यादीच बदलावी. रात्रपाळी कोरी राहते, कारण तेव्हा वही बघणारे कोणी नसते. घडी खात्यात (कापड तपासून घडी घालतात तिथे) दोष मोजताना नुसते ‘डागी मीटर’ लिहून भागत नाही. तेलाचा डाग, तार गेलेली, पट्टी पडलेली, किनार खराब असे वेगळे लिहून त्यापुढे माग क्रमांक आणि पाळी हवी. तेव्हाच कळते, की तेलाचे डाग चारच मागांवरचे आहेत आणि पट्ट्या पाळी बदलताना माग पुन्हा सुरू केल्यावर पडतात. पहिल्याचा उपाय जॉबरकडे आहे, दुसऱ्याचा विणकराला शिकवण्यात.

सर्वांत महागडी चूक मात्र निराळीच. नोंद सुरू होऊन पंधरा दिवस होत नाहीत, तोच तिच्यावरून विणकराची मजुरी कापायला सुरुवात होते. त्या दिवसापासून वही खोटी बोलू लागते. दोष खाली येतो तो कागदावर. कापडात तो आहे तिथेच असतो आणि व्यापाऱ्याकडून कपात होऊन परत येतो. पहिले तीन-चार महिने आकडा केवळ कारण शोधण्यासाठी वापरावा. बक्षीस द्यायचे ते त्यानंतर, आणि तेही शक्य तर जॉबरसकट सगळ्या पाळीला. रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक घ्यावी : कालचे आकडे, वर आलेली दोन कारणे, आज कोणी काय करायचे. या बैठकीला मालक किंवा निर्णय घेणारा माणूस नसेल, तर आठवड्यात ती गप्पांवर येते आणि महिन्यात बंद पडते.

मालकाचा विषय निघालाच आहे, तर त्या अभ्यासातले आणखी एक निरीक्षण नोंदवतो. कंपनी किती मोठी होणार, हे ठरवणारी ठळक बाब निघाली ती घरातल्या पुरुषांची संख्या. चांगली चालणारी कंपनी वाढत नाही, कारण दुसऱ्या कारखान्यावर बसवायला भाऊ किंवा मुलगा उरलेला नसतो. बाहेरच्या व्यवस्थापकावर खरेदी-विक्री सोपवायची तर चोरीची धास्ती, आणि चोरी झालीच तर कोर्टातून काही हाती लागेल ही आशा नाही. (घरातल्या मुली-सुनांचा विचारही होत नव्हता, हे वेगळे सांगायला नकोच.) सल्ला मिळालेल्या कारखान्यांत रोजचे आकडे समोर येऊ लागले, तसे मालकांनी व्यवस्थापकांना थोडे अधिक अधिकार दिले. तीन वर्षांच्या आत त्यांतल्या काहींनी नवे कारखानेही उघडले.

आता दुसरी बाजू. हेच संशोधक २०१७ मध्ये त्याच कारखान्यांत परत गेले. बसवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलला, किंवा मालकाला वेळ उरला नाही, ही दोन कारणे सर्वाधिक सांगितली गेली. तरीही तुलनेच्या गटाशी असलेले अंतर पुसले गेले नव्हते, आणि त्याच कंपन्यांच्या ज्या कारखान्यांत सल्लागार गेलेच नव्हते, तिथे काही पद्धती आपोआप पोहोचल्या होत्या. याचा अर्थ सरळ आहे. पद्धत एका माणसाच्या डोक्यात राहिली, तर ती त्याच्याबरोबर राजीनामा देते. नोंदीचा नमुना, बैठकीची वेळ, देखभालीचे वेळापत्रक हे नव्या व्यवस्थापकाला पहिल्याच दिवशी लेखी ताब्यात मिळायला हवे. ते होते का, याची चौकशी आपापल्या कारखान्यात जरूर करावी.

हा अभ्यास जसाच्या तसा इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या आठ-बारा मागांच्या शेडला लागू करणे चूक ठरेल. ६६ कंपन्यांना विचारल्यावर १७ तयार झाल्या, म्हणजे मुळात उत्सुक असलेल्यांचाच हा गट. शिवाय त्या मोठ्या आहेत. आपला खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याच्या सुतावर पिकाच्या दराने विणतो. सुताच्या साठ्यात त्याचे पैसे अडकत नाहीत, त्यामुळे ३८ मधला बराच भाग त्याच्या उपयोगाचा नाही. त्याच्या हाती थांबण्याची वेळ आणि दोषाची कपात या दोनच गोष्टी आहेत, पण त्याच्या मजुरीतली गळतीही तिथेच आहे. त्याला पाच महिन्यांचा सल्लागार परवडणारही नाही. यावर कोलंबियात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या १५९ कंपन्यांवर झालेला प्रयोग उपयोगी आहे. तिथे काहींना स्वतंत्र सल्ला दिला, काहींना छोटे गट करून एकत्र. पद्धतींतली सुधारणा दोन्हीकडे साधारण सारखीच, ८ ते १० टक्के-बिंदूंची झाली. गटाचा खर्च मात्र सुमारे एक तृतीयांश होता.

केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘लीन’ योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते. वस्त्रोद्योगाच्या संघटनांनी तिचा पाठपुरावा वीजदराइतक्याच नेटाने करावा. एकाच गल्लीतल्या पाच-सहा यंत्रमागधारकांचा गट करून त्यांना एकच प्रशिक्षक मागावा, आणि प्रशिक्षणाला मुलाला किंवा दिवाणजीला न पाठवता मालकाने जॉबरला घेऊन स्वतः बसावे.

जिल्हा उद्योग केंद्रांकडेही एक मागणी आहे. एखाद्या योजनेला जागांपेक्षा जास्त अर्ज आले, तर निवड ओळखीवर किंवा ‘प्रथम येणाऱ्यास’ न करता सोडतीने करावी. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांचेही आकडे वर्षभर घ्यावेत, आणि त्या बदल्यात पुढच्या वर्षी त्यांना आधी जागा द्यावी. मोजायचे चारच : पाळीमागे माग थांबल्याची मिनिटे, १०० मीटरमागे दोष, व्यापाऱ्याने केलेली कपात, आणि कबूल केलेल्या तारखेला गेलेला माल. दोन्ही गटांचे हे आकडे, कारखान्यांची नावे वगळून, वर्षाअखेर प्रसिद्ध करावेत. आपल्या पत्राने ते छापण्यासाठी थोडी जागा राखून ठेवावी, ही विनंती.

आपला,
वस्त्रोद्योग व्यवस्थापनाचा एक अभ्यासक, इचलकरंजी